यंत्राची आरोळी

जाहिरात करणं हा काही गुन्हा नाही. बाजार म्हटला की आरोळी आलीच. आमच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या "घ्या ताई, देठ बघून घ्या" म्हणून ओरडतात, तीही जाहिरातच. पण त्या आरोळीत एक गोष्ट असते. ओरडणारी बाई स्वतःच्या पाटीमागं बसलेली असते. वांगं किडकं निघालं तर दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर जाऊन उभं राहता येतं. माल तिचा, शब्द तिचा आणि बोलणी खायची झाली तर तीही तिलाच! माझ्या मते जाहिरातीची सगळी नीती एवढ्यात आली.

आता ही आरोळी यंत्र ठोकू लागलं आहे. कोल्हापुरातली चपलांची, गुळाची, मसाल्याची, साजाची छोटी छोटी दुकानं इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर आली, त्याला बरीच वर्षं झाली. तिथं रोज काहीतरी टाकावं लागतं म्हणे, नाहीतर गिऱ्हाईक विसरतं. रोज नवं काय टाकायचं? मग एआयला, म्हणजे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, विचारायचं : "माझं चपलांचं दुकान आहे, पुढच्या महिन्याच्या तीस पोस्ट सुचव." अर्ध्या मिनिटात तीस पोस्ट हजर. तारखा, मजकूर, चित्र कोणतं टाकायचं, खाली कोणते हॅशटॅग लावायचे, सगळं.

हे मला ठाऊक असण्याचं कारण असं की माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं चपलांचं दुकान आहे आणि त्याच्या दुकानाचं हे 'सोशल मीडिया' खातं त्याची मुलगी सांभाळते. मागं एकदा ती छापील आराखडा घेऊन घरी आली. "सर, एवढं शुद्धलेखन तपासून देता काय? मी संध्याकाळी येतो न्यायला." (बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा : आमच्याकडं मुलीही 'येतो, जातो, करतो' असंच म्हणतात. त्यात काही चूक नाही.) शुद्धलेखन तपासता तपासता मी ते तीसही मजकूर वाचले, आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतो आहे.

आधी यंत्राचं श्रेय यंत्राला देऊ. आराखडा नीटनेटका होता. आठवड्याला किती पोस्ट, कोणत्या वाराला काय, एक दिवस मालाची माहिती, एक दिवस गिऱ्हाइकाचा अभिप्राय, एक दिवस निगा कशी राखावी. ही शिस्त त्या पोरीला एरवी कुणी शिकवली असती? मोठ्या कंपन्यांकडं पगारी लेखक असतात, जाहिरात संस्था असतात. हिच्याकडं एक मोबाइल, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना मिळणारा अर्धा तास. तिच्या हातात असं यंत्र आलं तर मला आनंदच आहे. आणि कोल्हापूर यंत्राला भिणारं गाव नव्हेच. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता! उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या गावाला यंत्राची भीती कुणी घालू नये.

पण मजकूर वाचायला लागलो आणि माझा लाल पेन थांबेना.

पहिली गंमत पावसाळ्याची. जुलैच्या पानावर लिहिलं होतं, 'या पावसाळ्यात उठून दिसा, अस्सल कोल्हापुरीसोबत!' आता सांगा, जुलैच्या पावसात कातडी कोल्हापुरी घालून कोण बाहेर पडतं? आमच्याकडं मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरी तेल पाजून, कागदात गुंडाळून माळ्यावर जाते आणि रबरी चप्पल बाहेर येते. कातडं भिजलं की फुगतं, आकार सोडतं, बुरशी धरतं. यंत्राला काय माहीत? त्यानं वाचलं असेल की दुकानं पावसाळी सेल लावतात, म्हणून यानंही लावला. गिऱ्हाइकानं खरंच विश्वास ठेवून ती पावसात घातली असती तर ऑगस्टात तिघाजणांचं भांडण झालं असतं : गिऱ्हाईक, दुकानदार आणि बिचारा कारागीर. यंत्र त्या भांडणात नसतं.

त्या आराखड्यात मातृदिन होता, पर्यावरण दिन होता, पण चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा नव्हती. दुसऱ्या दिवशी निघणारा अंबाबाईचा रथ नव्हता. २६ जूनची शाहू जयंती नव्हती. ज्या दिवसांत बाहेरगावची माणसं गावात येतात आणि जाताना चपलेचा जोड घेऊन जातात, नेमके तेच दिवस कोरे!

दुसरी गोष्ट भाषेची. 'आपल्या पावलांना द्या परंपरेचा स्पर्श.' 'कालातीत सौंदर्याचा अनुभव घ्या.' शुद्धलेखनाची चूक एक नाही. पण मंडळी, हे मराठी कुणाच्या तोंडचं आहे? आमच्या चप्पल लाइनीत आजवर एकाही दुकानदारानं गिऱ्हाइकाला 'अनुभव घ्या' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो म्हणतो, "घालून तर बघा, पैसे नंतर बोलू." आणि जिथं यंत्राला कोल्हापूरची आठवण झाली तिथं त्यानं 'नाद खुळा', 'जगात भारी', 'रांगडा' हे तीन शब्द मिठासारखे सगळीकडं पेरून ठेवले. जणू कोल्हापूरचा माणूस सकाळी उठल्यापासून मिशीला पीळ देत तांबडा रस्साच पीत असतो!

याचं कारण मी समजून घेतलं. ही यंत्रं लाखो-करोडो पानं वाचून तयार होतात आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबानं लिहितात. म्हणजे जे बहुतेकांनी लिहिलं, तेच हे लिहिणार. त्यातही त्यांनी वाचलेलं मराठी इंग्रजीच्या मानानं फार थोडं. मग वाक्य मराठी आणि घडण परकी, असं होतं.

शाळेत शिकवलेल्या माणसाला हा आजार ओळखीचा आहे. पूर्वी गाइडमधले निबंध पाठ करून मुलं पेपर लिहीत. 'माझी आई' हा विषय दिला की वर्गातल्या चाळीस आया पहाटे पाचला उठत, चाळीसही जणी सडा घालत, चाळीसही जणी प्रेमाची मूर्ती असत. त्यातली एखादी आई गिरणीत रात्रपाळी करणारी असे, एखादी आई नसेच. पण निबंधात सगळ्या सारख्या! मी गाइडवर बंदी घातली नाही. घातली असती तरी कुणी पाळली नसती. मी एवढंच सांगायचो, "बाबांनो, गाइड वाचा हवं तर. पण निबंधात एक वाक्य असं पाहिजे की जे या वर्गात दुसरं कुणीच लिहू शकणार नाही. त्या वाक्याला दोन मार्क जादा." एका मुलानं लिहिलं होतं, 'माझी आई गूळ चाखून सांगते की काहिलीखालचा जाळ जास्त झाला होता.' ते वाक्य मला अजून आठवतं, बाकीच्या एकोणचाळीस आया कधीच विसरलो.

चपलांच्या दुकानांचंही तसंच आहे. दहा दुकानांनी एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारला तर दहा ठिकाणी तेच 'परंपरेचा स्पर्श' येणार. मग गिऱ्हाइकानं तुमच्याच पायरीवर का यावं?

तिसरी गोष्ट मात्र गमतीची नाही, कारण तिथं खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे. एका पोस्टमध्ये कोल्हापुरी 'आठशे वर्षांची', दुसरीत 'हजार वर्षांची'. एकीत 'जगात फक्त कोल्हापुरातच बनणारी'. आणि बहुतेक सगळ्यांच्या खाली 'जीआय प्रमाणित, शंभर टक्के हस्तनिर्मित'. आता यातलं पक्कं काय ते सांगतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे तो जीआय टॅग, मिळाला २०१९ साली. तो एकट्या कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा आहे. अथणीच्या कारागिरांचा त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे, आणि आपल्या बाजारात त्यांच्या हातचा माल पूर्वीपासून येतो. शिवाय चपलेला मानांकन मिळालं म्हणजे विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला ते मिळालं, असं होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. जीआयचा खोटा वापर हा १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्याला कैद आहे. आणि फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिथं 'यंत्रानं लिहिलं होतं साहेब' हे उत्तर चालत नाही. खातं दुकानाच्या नावाचं असतं.

'शंभर टक्के हस्तनिर्मित' हे तर मी त्या मुलीला सरळच विचारलं. ती म्हणाली, "नाही ओ सर, खालच्या फळीवरचा माल मशीनवरचा असतोय. स्वस्तातला पाहिजे म्हणतात लोक." मग तसं लिहावं की! मशीनवरची चप्पल विकणं पाप नाही, तिला हातची म्हणणं पाप आहे. हातानं शिवलेल्या जोडाला जास्त पैसे का पडतात, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे दुकानदारानं दोन्हींतला फरक खरा सांगणं. तो फरक पुसला की मार बसतो हातानं शिवणाऱ्याला.

आणि इथं मला प्राडाची आठवण येते. जून २०२५ मध्ये या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून मॉडेल चालवले, आणि कोल्हापूरचं नाव कुठंही नाही. केवढा गहजब झाला! महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं. मूळ प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : २,००० जोड, एकेकाची किंमत साधारण ८०० युरो.

त्या वेळी आपण सगळे एका सुरात काय म्हणत होतो? 'माल आमचा, हात आमच्या माणसाचा, मग नाव का नाही?' रास्त प्रश्न होता. पण तोच प्रश्न आता आपल्या गावातल्या पोस्टला विचारून बघा. 'आमच्या कुशल कारागिरांनी प्रेमाने घडवलेली.' कोण हे कारागीर? कुठं राहतात? जोडाला काय मजुरी मिळते? काही नाही. आणि शेजारी यंत्रानं काढलेलं एका म्हाताऱ्या कारागिराचं चित्र. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, खिडकीतून येणारा सोनेरी उजेड. चित्रातला तो म्हातारा हातोडीनं चपलेत खिळा ठोकत होता! कोल्हापुरीत खिळा नसतो हो. ती कातड्याच्याच वादीनं शिवतात, तोच तर तिचा मान. कातडं कमावतात बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, त्यात दिवसच्या दिवस जातात. तळ एकाच्या हातचा, अंगठा दुसऱ्याच्या हातचा, वरची वेणी आणि नक्षी बहुतेक घरातल्या बायकांच्या हातची. चित्रात बाई नव्हतीच.

मिलानमध्ये नाव गाळलं ते परक्यानं. इथं आपणच खरा माणूस बाजूला सारून त्याच्या जागी चित्रातला बसवतो, आणि तोही खरा माणूस दुकानापासून दोन-चार किलोमीटरवर, सुभाषनगरात राबत असताना. मला याचं वाईट वाटतं. प्राडावर चिडण्याचा आपला हक्कच यानं कमी होतो.

मी त्या मुलीला म्हणालो, "यंत्राला चित्र मागण्यापेक्षा तू मोबाइल घेऊन जा की. जे जोड विकतेस ते शिवणाऱ्यांचेच फोटो काढ, त्यांना विचारून नाव घाल." ती गेली. इथून पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण सल्ला देणं सोपं असतं हे मलाही कळतं.

ज्यांच्याकडून दुकानात माल येतो ते गृहस्थ फोटोला तयार झाले, नावाला झाले नाहीत. ते तिला म्हणाले, "हातांचा काढ पोरी. नाव नको घालू. धाकट्याला पुण्यात नोकरी लागलीय, तिथं कुणाला माहीत नाही." काय माहीत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आपल्याकडं चपलेला जीआय मिळतो, युरोत किंमत मिळते, पण ती शिवणाऱ्याला स्वतःची जात झाकावीशी वाटते. 'परंपरेचा स्पर्श' लिहिणाऱ्या यंत्राला त्यातला 'स्पर्श' हा शब्द या घरात किती जड आहे, ते कळणं शक्य नाही. माणसाला कळू शकतं. म्हणून विचारायला माणसानं जावं लागतं.

पण त्याच घरात वेणी घालणाऱ्या त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "त्येंचं ऱ्हाऊ दे. वेणी माझी हाय, माझं नाव घाल." आणि तिनं घातलं. त्या पोस्टमध्ये विशेषण एकही नव्हतं. वेणी कुणाची, ती घालायला किती वेळ लागतो, दिवसाला किती जोड होतात आणि डोळे दुखायला लागले की त्या काय करतात, एवढंच.

आता काहीजण म्हणतील, "सर, हे असं रोज जमतं का?" नाही जमत. तीस दिवस तीस घरी जाणार कोण? म्हणूनच मी यंत्र फेकून दे म्हणत नाही. आराखडा त्याच्याकडून घ्या. तारखांची आठवण त्याला करू द्या, जोतिबाची यात्रा तेवढी आपण घाला. त्याला 'लिहून दे' म्हणण्याआधी 'मला प्रश्न विचार' म्हणा, हा माझा आवडता उपाय. ती मुलगी आता तसंच करते. यंत्र विचारतं, "तुमच्या दुकानात सर्वांत जास्त परत येणारी तक्रार कोणती?" उत्तर तिचं असतं : नवा जोड चावतो. मग त्यावर पोस्ट होते, की पहिले चार दिवस घरातच घाला, अंगठ्याला थोडं तेल लावा. हे खरं आहे, उपयोगाचं आहे, आणि तिच्या अनुभवाचं आहे. मजकूर घडी घालून यंत्रानं दिला तरी कापड तिचं.

तीन गोष्टी मात्र यंत्रावर सोडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा आणि इतिहास : जे स्वतः पडताळलं नाही ते छापू नये. माणूस : ज्याचं काम त्याचा हात दाखवावा, नाव त्याला विचारून घालावं किंवा विचारून गाळावं. आणि वचन : 'हातची', 'अस्सल', 'बदलून देऊ' हे शब्द लिहिताना ते पाळणाऱ्यानंच लिहावेत. तीस पोस्ट जमत नसतील तर आठ टाकाव्यात. खोट्या तीसपेक्षा खऱ्या आठ बऱ्या.

आमच्या गावात एका दुकानाची फार मोठी जाहिरात एकदा झाली होती. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं चहाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गावातलं कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. 'उत्कृष्ट चहा' अशी पाटी महाराजांना कुणाकडूनही रंगवून घेता आली असती. तिचा उपयोग शून्य झाला असता. उपयोग झाला तो त्यांनी स्वतःची इभ्रत त्या कपाला लावली म्हणून.

जाहिरातीत वजन येतं ते असं, कुणीतरी स्वतःचं काही पणाला लावलं की. यंत्राकडं शब्द पुष्कळ आहेत, पण पणाला लावायला त्याच्याजवळ काही नाही. ना दुकान, ना जात, ना गावात तोंड दाखवायची गरज. ते आपल्याजवळ आहे. तेव्हा मजकूर कुठूनही येवो, 'पोस्ट करा' हे बटण दाबण्याआधी मालकानं एकदा स्वतःला विचारावं, "हेच वाक्य मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर, कारागीर शेजारी उभा असताना, म्हणेन का?" म्हणणार असाल तर खुशाल दाबा.

असो. पुढच्या महिन्याचा आराखडा आला आहे. जुलैच्या पानावर यावेळी सेल नाही, 'चपलेला तेल कसं पाजावं' आहे. मी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि परत दिला.